अदृश्य उष्णतेचा पहारेकरी

भाकरीचा तवा चुलीवरून उतरून बाजूस ठेविला, तर तो तापलेला आहे कीं थंड आहे हें नुसत्या नजरेनें कोणासही सांगतां येत नाहीं. दोन्ही वेळीं तो काळाच दिसतो. परंतु त्याच्याजवळ तळहात नेला कीं, स्पर्श न होतांच ऊब लागते. तव्यापासून निघून तळहातापर्यंत कांहीं तरी आलें आणि डोळ्यांनीं तें पाहिलें नाहीं, एवढें तर निश्चित. हें जें ‘कांहीं तरी’ तें प्रकाशाचेंच भावंड होय. सृष्टिकर्त्यानें मनुष्यास दिलेला डोळा जो प्रकाश पाहूं शकतो, तो एकंदर किरणांच्या विस्तारांतील एक अरुंद पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या पलीकडचें पाहावयाचें असेल, तर मनुष्यास आपल्या बुद्धीनें दुसरा डोळा घडवावा लागतो.

असा एक डोळा मनुष्यानें घडविला आहे, आणि तो पृथ्वीपासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर नेऊन ठेविला आहे. तेथून तो रात्रंदिवस पृथ्वीकडे पाहत असतो. कोठें एखादें क्षेपणास्त्र उडालें, तर त्याच्या ज्वाळेची ऊब ओळखून खालीं वर्दी देतो. ही वर्दी खरी असून वेळेवर पोहोंचली, तर कित्येक जीव वांचतात. खोटी असून कोणी ती खरी मानली, तर एका राष्ट्राच्या भ्रमापायीं दोन राष्ट्रांची राखरांगोळी होऊं शकते. म्हणून हा डोळा कसा घडला, त्यास अचूक दिसावें यासाठीं काय काय करावें लागलें, आणि इतकें करूनही त्याजवर किती भिस्त ठेवावी, ह्या तीन गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजाव्या, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

ह्या किरणांचा शोध एका संगीतज्ञानें लाविला, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतील हॅनोव्हरचा. इंग्लंडांत येऊन बाथ शहरीं तो प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवीत असे, व फावल्या वेळीं दुर्बिणी घडवीत असे. १७८१ सालीं त्यानें युरेनस ग्रह शोधून काढला. पुढें सूर्याचें निरीक्षण करितांना, दुर्बिणीस लाविलेल्या रंगीत कांचांपैकीं कांहींमधून प्रकाश थोडा पण उष्णता फार येते, असें त्याच्या ध्यानीं आलें. आणि कोणत्या रंगांत उष्णता किती, हें मोजण्याचें त्यानें १८०० सालीं मनावर घेतलें. सूर्यप्रकाश लोलकांतून नेऊन त्यानें जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचे रंग पसरविले व त्यांत उष्णतामापक ठेविले. जसजसें तांबड्याकडे जावें तसतसा पारा अधिक चढे. मग तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें, तेथें त्यानें उष्णतामापक ठेविला. आणि तेथेंच पारा सर्वांत अधिक चढला! जेथें रंग संपले तेथें किरण संपले नव्हते. ज्या किरणांची कंपनसंख्या तांबड्या, म्हणजे रक्तवर्ण, किरणांच्या खालची आहे, ते ‘अवरक्त’ किरण, असें नांव आपल्या भाषेंत रूढ झालें आहे.

किरणांची लांबी मोजण्यासाठीं शास्त्रज्ञ मायक्रॉन हें माप वापरतात. मिलिमीटराचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोळ्यास सुमारें ०·४ पासून ०·७ मायक्रॉनपर्यंतचे किरण दिसतात. परंतु जगांतील प्रत्येक वस्तु, मग ती निखारा असो, मनुष्याचें शरीर असो कीं बर्फाचा खडा असो, आपापल्या उष्णतेप्रमाणें किरण बाहेर टाकीत असते. वस्तु जितकी तप्त, तितके तिचे किरण आंखूड लांबीचे व तितकेच जोरदार. मनुष्याच्या अंगांतून निघणारे किरण बहुतांशीं ९ ते १० मायक्रॉनच्या आसपासचे असतात. काळोख्या खोलींत बसलेला मनुष्य आपल्या नजरेस दिसत नाहीं. पण अवरक्त डोळ्यापुढें तो एखाद्या कंदिलासारखा उजळलेला असतो.

हर्शेलच्या उष्णतामापकापासून आजच्या डोळ्यापर्यंतची वाट लांब आहे. १८८० च्या सुमारास अमेरिकन ज्योतिषी सॅम्युएल लँगले यानें प्लॅटिनमच्या अत्यंत पातळ पट्टीचें एक यंत्र सिद्ध केलें. पट्टीवर अवरक्त किरण पडले कीं ती किंचित् तापे, आणि तापल्यानें विजेच्या प्रवाहास तिचा होणारा अडथळा वाढे; तो फरक मोजला कीं किरणांचा जोर कळे. ही युक्ति उत्तम खरी, पण तींत एक उणीव होती. पट्टी आधीं तापली पाहिजे व मग निवाली पाहिजे, म्हणून असें यंत्र सावकाश चालतें. क्षणोक्षणीं हालणारी वस्तु टिपावयाची तर दुसरा मार्ग हवा होता. तो अर्धवाहक पदार्थांत सांपडला. शिसें व गंधक यांच्या संयुगाचा पातळ थर घेतला, तर त्यावर अवरक्त किरण पडतांच, थर तापण्याची वाट न पाहतां, त्यांतील विद्युत्कण मोकळे होऊन प्रवाह वाढतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत प्रथम जर्मनींत व मागोमाग अमेरिकेंत ह्या संयुगावर पुष्कळ काम झालें.

आतां हा डोळा आकाशांत कां न्यावा लागला तें पाहूं. १९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. ज्या अग्निबाणानें उपग्रह आकाशांत जातो, तोच अण्वस्त्र घेऊन दुसऱ्या खंडांत जाऊं शकतो, हें सर्व जगास एका दिवसांत उमगलें. एका खंडांतून दुसऱ्या खंडांत जाण्यास अशा क्षेपणास्त्रास सुमारें अर्धा तास पुरतो. जमिनीवरील रडार यंत्रास पृथ्वीच्या गोलाईमुळें क्षितिजाखालचें दिसत नाहीं; तें क्षेपणास्त्र पाहील तेव्हां त्या अर्ध्या तासांतील बराचसा वेळ निघून गेलेला असेल. परंतु क्षेपणास्त्र उडतांना पहिलीं तीन ते पांच मिनिटें त्याचें इंजिन भडकलेलें असतें. ती ज्वाळा वरून पाहतां आली तर उड्डाण होतांच वर्दी मिळेल, असा विचार पुढें आला.

वरून पाहणें म्हणजे मात्र सोपें काम नव्हे. पृथ्वी स्वतःच उबदार आहे, शिवाय तिजवर पडलेलें ऊन सर्वत्र परावर्तन पावतें. ह्या एवढ्या उजेडांत एक ज्वाळा शोधावयाची, म्हणजे भर दुपारीं पेटलेली काडी शोधण्यासारखें आहे. येथें निसर्गानेंच एक सोय करून ठेविली आहे. इंधन जळलें म्हणजे बहुधा पाण्याची वाफ व कर्बवायु निर्माण होतात. तप्त वाफ व तप्त कर्बवायु यांचे किरण २·७ मायक्रॉनच्या आसपास जोरानें निघतात, आणि कर्बवायूचे ४·३ मायक्रॉनच्या आसपासही निघतात. आपल्या हवेंतही हेच दोन वायु आहेत, आणि जो वायु ज्या लांबीचे किरण टाकतो त्याच लांबीचे तो गिळतोही. त्यामुळें जमिनीवरून वर येणारे ह्या लांबीचे किरण हवा वाटेंतच गिळून टाकते. ह्या लांबीच्या किरणांनीं वरून पाहिलें असतां पृथ्वी काळोखी दिसते. आणि दाट हवेच्या थरांतून वर आलेली ज्वाळा त्या काळोखावर ठिणगीसारखी उठून दिसते.

१९६० सालापासून अमेरिकेनें ‘मिडास’ नांवाचे उपग्रह ह्या कामीं पाठविण्यास आरंभ केला. पहिल्या प्रयत्नांत अपयश फार आलें. कांहीं उपग्रह कक्षेंतच पोहोंचले नाहींत; शिवाय ढगांवरून परावर्तन पावलेल्या उन्हामुळें यंत्र फसतें, ही अडचण तेव्हांच दिसून आली. तरी काम सोडलें नाहीं, आणि १९६३ च्या मे महिन्यांत पाठविलेल्या उपग्रहानें खरीं उड्डाणें टिपून दाखविलीं. पुढें १९७० च्या नोव्हेंबरांत डी.एस.पी. या मालिकेंतील पहिला उपग्रह गेला. ही मालिका २००७ पर्यंत चालली व तींत एकंदर २३ उपग्रह सोडण्यांत आले. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटरांवर ठेविलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून तो एकाच ठिकाणीं टांगल्यासारखा राहतो. तेथून सारी पृथ्वी केवळ साडेसतरा अंशांच्या कोनांत मावते. हात लांब करून वीत पसरली, तर त्या वितेमागें ती झांकून जाईल, एवढीच.

पहिल्या डी.एस.पी. उपग्रहावर शिसें-गंधकाचे सुमारें २,००० शोधक एका ओळींत मांडले होते. नंतरच्यांवर ते सुमारें ६,००० झाले. उपग्रह मिनिटांत सहा वेळां स्वतःभोवतीं फिरे, आणि झाडूनें अंगण झाडावें तशी ही ओळ दर दहा सेकंदांस पृथ्वीच्या चेहऱ्यावरून फिरून जाई. ज्वाळा एका फेरींत येथें दिसली, दुसऱ्या फेरींत थोडी पुढें दिसली, कीं तिची दिशाही कळे.

येथपर्यंत वाचून कोणी विचारील, ‘शोधक अधिक तीव्र करावयाचा तर अडचण ती कोणती?’ हाच ह्या विषयाचा गाभा आहे. ४·३ मायक्रॉनच्या अवरक्त किरणाचा धक्का हिरव्या प्रकाशाच्या किरणाच्या धक्क्याच्या सुमारें एक-अष्टमांश असतो. अर्धवाहकांतील विद्युत्कण मोकळा होण्यास एक उंबरठा ओलांडावा लागतो. किरण दुबळा, म्हणून उंबरठा ठेंगणा असलेला पदार्थ शोधावा लागतो. परंतु रांगत्या मुलास ओलांडतां यावा म्हणून घराचा उंबरठा ठेंगणा केला, तर अंगणांतील कोंबडीचीं पिल्लेंही आंत येऊं लागतात! तसेंच येथें होतें. पदार्थाच्या अंगीं जी स्वतःची ऊब असते तिच्यामुळें त्यांतील कण सतत थरथरत असतात, आणि उंबरठा ठेंगणा असला कीं त्या थरथरीनेंच विद्युत्कण तो ओलांडूं लागतात. बाहेरून एकही किरण आला नाहीं तरी प्रवाह वाहूं लागतो. ह्यास शास्त्रज्ञ काळोखांतील प्रवाह म्हणतात. दूरच्या ज्वाळेची क्षीण हांक ह्या घरच्याच गलबल्यांत बुडून जाते.

उपाय एकच: शोधकास थंड करणें. चांगले शोधक उणें १५० अंश, उणें २०० अंश किंवा त्याहूनही खालीं नेऊन ठेवावे लागतात. कधीं उपग्रहाचा एक पत्रा अवकाशाच्या काळोख्या बाजूस उघडा ठेवून त्यावाटे उष्णता बाहेर घालवितात. कधीं लहानसें शीतयंत्र बसवितात. कधीं द्रवरूप हेलियम बरोबर नेतात. दुर्बिणीची स्वतःची ऊबही आवरावी लागते, कारण उबदार दुर्बीण म्हणजे अवरक्त डोळ्यास दिव्याच्या कांचेतून रात्र पाहण्यासारखें आहे. १९८३ च्या जानेवारींत अमेरिका, नेदरलंड्स व इंग्लंड यांनीं मिळून आकाशांतील अवरक्त ज्योतींचा नकाशा करण्यासाठीं ‘आयरस’ उपग्रह सोडला. त्यावर मुख्य शोधक अवघे ६२ होते. सुमारें दहा महिन्यांत त्यावरील द्रव हेलियम संपलें, आणि बाकीचें यंत्र धड असतांही त्याचें निरीक्षण थांबलें. थंडी संपली कीं दृष्टि संपली!

कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. शोधक घडविणाऱ्यांचें सारें आयुष्य ह्या एका नियमाभोवतीं फिरत असतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं: जो स्वतः उष्ण आहे, त्यास दुसऱ्याची मंद ऊब दिसत नाहीं.

थंडीबरोबर पदार्थाची निवडही महत्त्वाची. १९५९ सालीं इंग्लंडांतील माल्व्हर्न येथील सरकारी रडार-संशोधनसंस्थेंत लॉसन व त्याचे तीन सहकारी यांनीं पारा, कॅडमियम व टेल्यूरियम यांचें मिश्र स्फटिक सिद्ध केल्याचें प्रसिद्ध केलें. कॅडमियम व टेल्यूरियम यांच्या संयुगाचा उंबरठा उंच असतो. पारा व टेल्यूरियम यांच्या संयुगास उंबरठा जवळजवळ नाहींच. दोहोंच्या स्फटिकांची ठेवण इतकी सारखी आहे कीं, ते हव्या त्या प्रमाणांत मिसळतात. म्हणजे वरणांत पाणी घालून तें हवें तेवढें पातळ करावें, तसा पाऱ्याचें प्रमाण कमीअधिक करून हव्या त्या लांबीच्या किरणांजोगा उंबरठा ठरवितां येतो. पण हा पदार्थ हट्टीही तितकाच आहे. पारा थोड्याशा उष्णतेनेंही निसटूं पाहतो. प्रमाणांत किंचित् फरक पडला तर शोधकाच्या एका कोपऱ्यास एक दिसतें व दुसऱ्यास दुसरेंच. म्हणून हे स्फटिक धूळविरहित खोल्यांतून, अतिशय सावकाश, थरावर थर चढवून वाढवावे लागतात.

एकेक शोधक जोडून ओळ झाली. ओळींवर ओळी मांडून जाळी झाली. हीच खरी क्रांति होय. ओळ पृथ्वीवरून फिरत असतां प्रत्येक ठिकाणाकडे ती क्षणभरच पाहते. जाळीचें तसें नाहीं. तींतील प्रत्येक शोधकास पृथ्वीचा आपापला तुकडा नेमून दिलेला असतो व तो त्याकडे टक लावून पाहत राहतो. ह्याचा लाभ एका उदाहरणानें कळेल. पत्र्यावर पडणारे पावसाचे थेंब मोजावयाचे आहेत असें समजा. सरासरीनें १०० थेंब पडावे एवढाच वेळ मोजलें, तर दर खेपेस १० इकडे तिकडे होतील, म्हणजे चूक शेंकडा १०. तोच पाऊस शंभरपट वेळ मोजला तर सरासरी १०,००० थेंब पडतील व फरक १०० चा होईल, म्हणजे चूक शेंकडा १. किरणही पावसाच्या थेंबांसारखेच सुटेसुटे येतात. जो अधिक वेळ धीरानें पाहतो त्यास अधिक सूक्ष्म फरक कळतो. अमेरिकेनें २०११ च्या मे महिन्यापासून सोडलेल्या नव्या मालिकेंतील स्थिर उपग्रहांवर झाडणारा व टक लावणारा असे दोन्ही डोळे ठेविले आहेत. त्यांतील सहावा उपग्रह २०२२ च्या ऑगस्टांत गेला.

मोठी जाळी करणें ही मात्र सोनाराहूनही नाजूक कारागिरी आहे. किरण टिपणारा पदार्थ निराळा, आणि टिपलेली खूण वाचणारा सिलिकॉनचा तुकडा निराळा. दोन्ही समोरासमोर ठेवून प्रत्येक शोधक आपल्या वाचकाशीं इंडियम धातूच्या एका सूक्ष्म ठिपक्यानें जोडावा लागतो. थंड होतांना हे दोन पदार्थ सारखे आंकुंचन पावत नाहींत. सांधा कठीण धातूचा असता तर तुटला असता. इंडियम कडाक्याच्या थंडींतही मऊ राहतें, म्हणून तें वापरतात. २०२१ च्या नाताळाच्या दिवशीं आकाशांत गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीवरील अशा एका जाळींत २,०४८ ओळी व दर ओळींत २,०४८ शोधक, म्हणजे सुमारें ४२ लक्ष शोधक आहेत, आणि त्या दुर्बिणीच्या एका कॅमेऱ्यांतच अशा दहा जाळ्या आहेत. एका शोधकाची रुंदी १८ मायक्रॉन. आपल्या केसाच्या जाडीचा जणूं चतुर्थांश. इतक्या लक्षांत दोन शोधक तंतोतंत सारखे नसतात. एक परीक्षक सढळ हातानें गुण देतो तर दुसरा हात आंखडतो, तसा प्रकार येथेंही असतो. म्हणून प्रथम साऱ्या जाळीस सर्वत्र सारखी ऊब असलेला पृष्ठभाग दाखवून प्रत्येक शोधकाचा स्वभाव टिपून ठेवितात, व पुढें त्याच्या साक्षींतून तेवढा दोष वजा करितात. जे मुकेच निघतात त्यांची साक्ष सोडून देतात.

इतकें करूनही डोळा फसतो. त्याचें सर्वांत भयंकर उदाहरण १९८३ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील आहे. त्या वेळीं अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यांतील वैर पराकाष्ठेस पोहोंचलें होतें. १ सप्टेंबर रोजीं रशियाच्या विमानानें कोरियाचें उतारूंचें विमान पाडून २६९ माणसें ठार केलीं होतीं. २६ तारखेस, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, मॉस्कोच्या दक्षिणेस असलेल्या एका गुप्त ठाण्यांत स्टानिस्लाव्ह पेट्रोव्ह नांवाचा लेफ्टनंट कर्नल पहाऱ्यावर होता. रशियाच्या उपग्रहांकडून वर्दी आली कीं अमेरिकेंतून एक क्षेपणास्त्र सुटलें आहे. थोड्या वेळानें आणखी चार सुटल्याची वर्दी आली. यंत्र ‘खात्री आहे’ असें सांगत होतें. वरिष्ठांस काय कळवावयाचें तें पेट्रोव्हनें कांहीं मिनिटांत ठरवावयाचें होतें.

त्यानें विचार केला: ज्यास खरोखर युद्ध आरंभावयाचें आहे तो पांचच क्षेपणास्त्रें सोडून कां थांबेल? शिवाय ही पाहणी-यंत्रणा नवी होती, आणि जमिनीवरील रडारांस कांहींच दिसत नव्हतें. त्यानें वरिष्ठांस कळविलें कीं वर्दी खोटी आहे. मग कांहीं मिनिटें वाट पाहणें एवढेंच हातीं राहिलें. क्षेपणास्त्रें आलीं नाहींत. पुढें चौकशी झाली तेव्हां समजलें कीं, उंच ढगांवरून परावर्तन पावलेलें ऊन नेमकें त्या वेळीं उपग्रहाच्या डोळ्यांत गेलें होतें. हवेचा जो थर पृथ्वीस झांकून काळोखी करितो, त्याचा बराचसा भाग अति उंच ढगांच्या खालीं राहतो. म्हणून त्यांवरचें ऊन अवरक्त डोळ्यास ज्वाळेसारखें भासूं शकतें. पेट्रोव्ह २०१७ सालीं वारला. त्यानें त्या रात्रीं एकही शस्त्र उचललें नाहीं, आणि त्याचेंच नांव आज आदरानें घेतलें जातें.

अशा फसगती टाळण्यासाठीं निरनिराळे उपाय योजितात. एकाच ठिकाणाकडे दोन निरनिराळ्या लांबींच्या किरणांनीं पाहतात, कारण ऊन आणि ज्वाळा यांचें दोन्हींतील प्रमाण सारखें नसतें. एकामागून एक चित्रें ताडून पाहतात, कारण ज्वाळा ठराविक रीतीनें पुढें सरकते, ढगाची चमक तशी सरकत नाहीं. अवकाशांतून येणारा एखादा वेगवान कण शोधकावर आदळून क्षणिक ठिणगी दाखवितो. ती पुढच्या चित्रांत नसते, म्हणून ओळखूं येते. एका उपग्रहाची साक्ष दुसऱ्या उपग्रहाच्या व रडाराच्या साक्षीशीं ताडतात. दोघां-तिघांच्या तोंडून गोष्ट पक्की व्हावी, हा न्यायसभेचा जुना नियम येथेंही लागू पडतो.

कोणी म्हणेल, ‘ही सर्व विद्या युद्धासाठींच आहे काय?’ तसें नाहीं. ह्याच पहारेकरी उपग्रहांनीं १९९४ च्या फेब्रुवारींत पॅसिफिक महासागरावर पेटलेला एक प्रचंड उल्का टिपला. जेम्स वेब दुर्बीण दूरच्या आकाशगंगांची ऊब टिपते. आपल्या देशापुरतें पाहिलें तर १९८३ सालीं गेलेल्या इन्सॅट-१ब उपग्रहावरही अवरक्त डोळा होता, आणि २०१३ सालच्या इन्सॅट-३डी पासूनच्या उपग्रहांवर तो पुष्कळच सुधारलेला आहे. ढगाचा माथा जितका उंच, तितका तो थंड. म्हणून काळोख्या रात्रींही कोणता ढग किती उंच चढला आहे हें त्या डोळ्यास कळतें. २०२० सालच्या जून महिन्याच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें. त्याची वाट अशा उपग्रहांनीं आधींपासून दाखविली होती, म्हणून किनाऱ्यावरील पुष्कळ कुटुंबें वेळेवर हलवितां आलीं. जो डोळा वैऱ्याची ज्वाळा शोधण्यास शिकला, तोच कोळ्याची होडी वेळेवर किनाऱ्यास आणण्यासही उपयोगी पडतो. विद्या तीच, तिला कोणत्या कामास लावावयाचें तें मनुष्याच्या अंतःकरणावर अवलंबून आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें पदार्थविज्ञान किंवा रसायन शिकून ह्या क्षेत्रांत शिरेल, तर त्यास करण्याजोगें काम पुष्कळ आहे. फार थंड न करितांही चांगलें पाहील असा शोधक, कमी खर्चांत होणारी मोठी जाळी, अवकाशांतील कणांच्या माऱ्यानें न थकणारा पदार्थ, हे सर्व प्रश्न सोडविण्यासाठीं अजून मनुष्यें झटत आहेत. परंतु जे ह्या क्षेत्रांत जाणार नाहींत त्यांसही ह्या डोळ्यापासून घेण्यासारखें बरेंच आहे. त्यास स्पष्ट दिसावें म्हणून प्रथम त्याचा स्वतःचा उष्मा शांत करितात. त्यानें घाईनें नव्हे, टक लावून पाहावें अशी योजना करितात. त्याच्यांतील दोष आधीं मोजून ठेवितात, आणि त्याची एकट्याची साक्ष पुरेशी मानीत नाहींत. शेजाऱ्याविषयीं कोणी वाईट वर्दी आणिली असतां, किंवा रागाच्या भरांत एखादा निर्णय घेण्याचा प्रसंग आला असतां, ह्या चार गोष्टी आपणही करूं लागलों, तर घराघरांतील कितीतरी युद्धें सुरू होण्यापूर्वींच टळतील. पहारेकऱ्यानें जागें राहावें हें खरें. पण जागेपणाबरोबर त्याचें मन थंडही असावें, हें पेट्रोव्हच्या त्या एका रात्रीनें साऱ्या जगास दाखवून दिलें आहे.